सूज कुठवर आली

तुझ्या मुंबईच्या संस्थेतून पत्र आलं आहे, नारायण. तुझ्या आठवणीचा अंक काढणार आहेत. 'आपण त्यांचे बालमित्र, शिवाय स्वतः डॉक्टर, तेव्हा दोन पाने जरूर लिहावीत,' असं म्हणतात. दोन पानं त्यांना देईन. त्यात तू हुशार असशील, साधा असशील, शरीरातल्या दाहाच्या अभ्यासाला वाहून घेतलेला असशील. ती पानं लिहायला मला अर्धा तास पुरेल. हे जे लिहायला बसलो आहे ते त्यांच्यासाठी नाही. हे तुझ्यासाठी आहे, आणि ह्यात स्तुती शोधत बसू नकोस.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि माझा राग तिळभरही कमी झालेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. कोणी सांगितलं? गेलेला माणूस शहाणा असता तर नसतं बोललो. बोटाला काच लागून माणूस मरतो का रे? तेही आजच्या दिवसांत, तालुक्याला माझ्या कपाटात पेनिसिलिनच्या कुप्या रांगेनं उभ्या असताना? अडाणी गड्यानं हे केलं असतं तर मी त्याला समजून घेतलं असतं. तू उभं आयुष्य सूज ह्या एकाच गोष्टीवर घातलंस, आणि सुजेनंच मेलास. अबे, काय म्हणावं तुले?

आणि जाताना मला कोणत्या खोड्यात अडकवून गेलास, तेही ऐक. मंगरुळात, तुझ्या आसेगावात, मधल्या सगळ्या वाड्यांवर एकच बोलणं आहे: डॉक्टरला बुधवारी चिठ्ठी आली, डॉक्टर शनिवारी पोचला. लहानपणापासूनच्या दोस्ताला पाहायला ह्याला सवड झाली नाही. तुझ्या बायकोनं, कुसुमवहिनीनं, तुझी मयत ओसरीवर असतानाच हे चारचौघांत म्हटलं. माझ्या दवाखान्याच्या बाकावर आता माशा बसतात. मला ह्यातून सोडवणारी एकच वस्तू आहे, तुझी शेवटची वही. ती माझ्या टेबलाच्या खणात होती. दाखवली की मी सुटलो. आणि तीच मला कोणाला दाखवता येत नव्हती.

सगळं पहिल्यापासून काढतो. तुला आता घाई कसली?

नागपूरच्या वसतिगृहातली ती दुपार. दुसऱ्या दिवशी परीक्षा, मी हाडांची नावं पाठ करत होतो. तू मला दंडाला धरून ओढत नेलंस. सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या पायाच्या बोटांमधला पातळ पडदा ताणून बसवला होतास. बारीक रक्तवाहिन्या, त्यातून पळणारं रक्त. तू त्या पडद्याला तापलेल्या सुईचं टोक लावलंस आणि मला म्हणालास, आता बघत राहा. मी बघत राहिलो. मधोमध वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी हळूहळू कडेला सरकल्या. भिंतीला घासत चालल्या, मग थांबल्या, चिकटल्या. आणि मग त्या धडधाकट भिंतीतूनच अंग चोरून एकेक बाहेर पडायला लागली, जिथं चटका बसला होता तिकडं.

"पाह्य बे वसंता!" तू ओरडलास. "कोनी सांगतलं यायले? कोनी तार केली?"

"मले उद्या परीक्षा हाय," मी म्हटलं.

पण मी तिथून उठलो नाही. तासभर एका डोळ्यानं बघत उभा होतो. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण डॉक्टर होतो आहोत ती काही नुसती नोकरी नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो, तुझ्यावर रागावलेलो असूनही सांगतो. ते तुझं देणं मी नाकारत नाही.

पुढं तू संशोधनाला मुंबईला गेलास, मी परत येऊन मंगरुळात पाटी लावली. तू सुट्टीत आलास की आपण भांडायचो. तुझं म्हणणं एकच. देवीची लस शरीराला शिकवते, ह्या शत्रूला ओळखून ठेव म्हणते. ते शिकलेलं शहाणपण. पण त्याच्या खाली आणखी एक पहारा आहे, उपजत. आईच्या पोटातून घेऊन आलेला. त्याला कोणी शिकवत नाही, तो नाव-गाव विचारत नाही. परकं दिसलं की धावतो. लाली, गरमपणा, सूज, ठणका, हे सगळं त्या धावपळीचं. "तुमी डॉक्टर लोक," तू म्हणायचास, "पहारेकरी ओरडला की त्याच्याच तोंडात बोळा घालता."

मी म्हणायचो, "तू सूज पाह्यतो, मी सुजलेला माणूस पाह्यतो. माह्यासमोर तो रडून राह्यला असते. तुह्यासमोर ससा असते, तो बोलत नाही."

एकदा किन्हीराजा गावचा एक शेतकरी पाठीवर गळू घेऊन आला होता. मी चाकू उचलला तर तू मागून माझं मनगट धरलंस. अजून पिकलं नाही, दोन दिवस थांब, पोटीस बांध. माझ्याच रोग्यासमोर! मी लालबुंद झालो. पण थांबलो. तिसऱ्या दिवशी ते गळू आपलं आपण फुटलं, आणि तो माणूस चाकू न लागता घरी गेला. तेव्हापासून कच्च्या गळवाला मी हात लावत नाही. ह्या तालुक्यात कितीतरी लोकांच्या अंगावर माझ्या चाकूचा व्रण नाही, तो तुझ्यामुळं. हेही खरं आहे. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहितो.

मग ते नवं औषध आलं, सूज एका दिवसात उतरवणारं. मुंबईहून मोठमोठी कौतुकं कानावर यायला लागली. तू मात्र गेल्या दिवाळीत तोंड पाडून आलास. सशांना ते औषध दिलं, मग जखमेत जंतू सोडले. ससे सुजले नाहीत, लाल झाले नाहीत, कण्हले नाहीत. "आरामात मेले, वसंता. पहारेकऱ्यालेच झोपवलं ना." मी म्हटलं, माझ्याकडं एक म्हातारा येतो, त्याच्या बोटांची हाडं सांध्यातून वाकडी झालीत. त्याला हे औषध मिळालं तर स्वतःच्या हातानं धोतर नेसेल. ये, त्याला तुझ्या सशांची गोष्ट सांग. "विचार करतो," म्हणालास. ते भांडण तसंच राहिलं आहे. उत्तर द्यायचं राहिलंय तुझं. का माझं, कोण जाणे.

आता बिब्ब्याचं.

पौष-माघात आसेगावाच्या बायका बिबे फोडतात. दगडावर बिबा ठेवायचा, वरून घाव, आतली गोडंबी काढायची. त्याचं काळं तेल उडतं. काहींच्या हातावर तो उततो, फोड येतात, कातडी सोलते. काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही. तू हे लहानपणापासून पाहत होतास. संशोधक झाल्यावर तुला त्याचं वेड लागलं. दर हिवाळ्याला रजा काढायचास, बायकांच्या घोळक्यात काचपट्ट्या घेऊन बसायचास आणि त्यांच्या फोडातलं पाणी टिपायचास. त्यातली काशीबाई तुला तोंडावर म्हणाली होती, आठवतं? "साहेब, बिबा उतला तं तुमी खूश, नाही उतला तं तुमी उदास. कसे मानूस हा हो तुमी?" सगळ्या हसल्या. तूही हसलास. मी नाही हसलो. मला ते खरं वाटलं.

कारण त्याच हिवाळ्यात मी वहिनीचा हात पाहिला होता. चहाचा कप पुढं करताना पदर सरला, आणि कोपराच्या खाली ओळीनं पाच काळपट डाग. मोजून मापून लावलेले बिबे. मी तुला मागच्या अंगणात नेऊन विचारलं, "हे तिले इचारून केलं का?"

"ती कधी नाही म्हनत नाही," तू म्हणालास.

मी तुला शिवी दिली होती. आज वाटतं, शिवीवर थांबायला नको होतं.

तर, तुझ्या ह्या हिवाळ्याच्या रजेतला तो सोमवार. बाजाराचा दिवस. माझ्याकडं एक बाई मांडीवरचं मोठं गळू घेऊन आली होती, मी ते फोडलं. तू आलेलाच होतास. "थोडा पू दे," म्हणालास, "घरी पाह्यतो." मी दोन काचपट्ट्यांमध्ये दिला. मीच दिला, ह्या हातानं. तू त्या कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकल्यास. डबी घे म्हटलं, तर म्हणालास, आता कुठं डबी शोधतो. दमणीनं निघालास. वाटेत एका खाचेत बैल अडखळले, तू खिशावर आदळलास. काच फुटली. खिशात हात घातलास आणि उजव्या हाताचं पहिलं बोट चिरलं गेलं. एवढंच. पू लागलेली काच, आणि तुझं बोट.

तू परत फिरायला हवं होतंस. अर्ध्या कोसावरही नव्हतास. हे तुला कळत नव्हतं? ह्या जिल्ह्यात ते सगळ्यात जास्त कोणाला कळत होतं?

बुधवारी तुझी चिठ्ठी आली. तुझ्या शेतावरच्या सालदारानं आणून दिली. 'बोटाला किंचित लागले आहे. पहारा जागा आहे, काळजी नसावी. शुक्रवारी तालुक्याला येतोच, तेव्हा दाखवीन.' अक्षर जरा डगमगतं होतं. मला वाटलं, बोटाला पट्टी असेल. समोर रोग्यांची रांग होती. मी चिठ्ठी खिशात ठेवली आणि पुढच्याला आत घेतलं. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला, हा माझा गुन्हा असेल तर तो मी केला आहे.

शुक्रवारी तू आला नाहीस. शनिवारी सकाळी सालदार धापा टाकत आला. "डाक्टरसाहेब, चाला. साहेबाचा हात काळा पडून राह्यला. साहेब काहीच्या काही बोलून राह्यले."

मी पोचलो तेव्हा तू माजघरात खाटेवर होतास. दंड मांडीएवढा झाला होता. काखेत अवधाणाची गाठ आलेली. मनगटापासून वर लाल पट्टा चढलेला, आणि त्या हातावर शाईच्या पेन्सिलीनं काढलेल्या रेघा. एक, दोन, तीन... बोटापासून खांद्यापर्यंत नऊ रेघा, प्रत्येकीपाशी वार आणि वेळ. सूज कुठवर आली, ते तू आखत होतास. पाच दिवस! मला पाहून तुझे डोळे चमकले. "आला का? पाह्य, बुधवारची रेघ... बुधवारनंतर वेग वाढला. कोनी... असं इतकं जवळून..." मग तू वातात गेलास. मला बेडकाची गोष्ट सांगायला लागलास.

मी मांडीत पेनिसिलिन टोचलं, हात चिरला, जे निघालं ते काढलं. दर तीन तासांनी टोचत राहिलो. एकदा शुद्धीवर आलास तेव्हा उशाखालची वही ओढून माझ्या पिशवीत कोंबलीस. "संस्थेत पाठव. जशीच्या तशी." रविवारी दुपारी जेवणवेळेला तू गेलास. मी तुझी नाडी धरून होतो, आणि तू गेल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो शोकाचा नव्हता. मला तुला उठवून थोबाडीत मारायची होती.

ओसरीवर लोक जमले. वहिनी बाहेर आली, माझ्याकडं बोट केलं. "बुधवारी चिठ्ठी भेटली होती ना तुमाले? काहून नाही आले? काहून नाही आले तुमी?" तुझी आई माझ्याकडं बघत राहिली. दुःखात माणूस बोलतो, म्हणून मी सोडून दिलं. पण ते शब्द घरात राहिले नाहीत. चार दिवसांत तालुकाभर झाले. वहिनीनं सालदाराकरवी निरोप धाडला, तेराव्याला येऊ नका.

तेव्हा मात्र मी वही उघडली. भर दुपारी, दवाखान्यात एकही रोगी नव्हता. मला चिठ्ठीतली तुझी थाप सिद्ध करणारं काहीतरी हवं होतं, आणि ते पहिल्याच पानावर होतं. सोमवार, मंगळवार: तुझं तिरपं, किरटं अक्षर. ठणका किती, लाली किती बोटं, ताप किती. 'उपजत प्रतिकाराचा स्वतःच्या देहावर अभ्यास करण्याची ही संधी.' संधी! बुधवारी सकाळी: 'वसंतास कळवले. त्यास आत्ताच बोलावल्यास तो औषध देईल व निरीक्षण खंडित होईल.' मी टेबलावर मूठ आपटली. सुटलो, म्हटलं. आता दाखवतो गावाला.

पान उलटलं. बुधवार दुपार. अक्षर बदललं होतं.

गोल, सुटं, शिरोरेघ काळजीनं ओढलेली. लग्नाआधी कारंज्याच्या मुलींच्या शाळेत वहिनी शिकवायची, फळ्यावर मुलींना जसं गिरवून द्यावं तसं ते अक्षर. तुझा उजवा हात सुजून निकामी झाला होता, मग तू तिला सांगत गेलास आणि ती लिहीत गेली. 'रेघ चौथी. मनगटाच्या वर दोन बोटे.' 'ताप एकशे दोन.' 'काखेत दुखते.' पेशींची नावं तिला येत नव्हती, ती ऐकू आली तशी लिहिलेली. आणि मध्ये, ओळीच्या बाहेर, समासात, बारीक: 'डॉक्टरांना बोलावू का विचारले. नको म्हणाले.' गुरुवारी पुन्हा: 'परत विचारले. रागावले. उद्यापर्यंत पाहू म्हणाले.' शुक्रवारी: 'रेघ सातवी मी काढली. त्यांचा डावा हात थरथरतो.'

तिनं काढली, नाऱ्या. तुझ्या हातावर तुझ्या मरणाच्या रेघा तिच्याकडून काढून घेतल्यास.

मी वही मिटली, आणि मग समजलं की ही मी कोणालाच दाखवू शकत नाही. गाव काय म्हणेल? नवरा मरत होता आणि बायको उशाशी बसून लिहीत होती. समासातलं कोणी वाचणार नाही. तुझी आई त्यानंतर तिला घरात उभी करेल का? आणि ती माझ्यावर का तुटून पडली, तेही त्याच क्षणी कळलं. तिला कोणावर तरी ते टाकणं भाग होतं. स्वतःवर घेतलं असतं तर ती विहिरीत गेली असती. तू सगळ्यांच्या शरीरातला पहारा पाहिलास आणि घरातली बाई कशानं पोळते आहे ते तुला दिसलं नाही. तू ज्ञानासाठी मेलास असं तुझी संस्था छापणार आहे. मला विचारशील तर तू हट्टानं मेलास, आणि त्या हट्टाची सही तिच्याकडून करून घेतलीस. ह्याची माफी नाही.

तेराव्याला मी गेलो. नको म्हटलेलं असूनही गेलो. पंगत बसत होती, मीही एका पानावर बसलो. मला पाहून लोक कुजबुजले. तुझी आई उठून माझ्यासमोर आली. किती लहान झाली आहे रे ती.

"वसंता, खरं सांग बाप्पा. माह्या लेकाले वाचवता आलं असतं का?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चौकट धरून. वही माझ्याकडं आहे हे तिला माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी तुला सांगणार नाही. तुला ते पाहायचा हक्क नाही.

"हो काकू," मी म्हटलं. "मले चिठ्ठी आली होती. मी बुधवारी यायले पायजे होतं. मी आलो नाही."

तुझ्या आईनं माझ्यासमोरचं पान उचललं आणि बाजूला ठेवलं. मी उठून दमणीत बसलो. ज्या घरात मी तुझ्याबरोबर एका ताटात जेवलो, त्या घरातून उपाशी निघालो.

सोमवारी वहिनी दवाखान्यात आली. भाऊ तिला माहेरी कारंज्याला घेऊन चालला होता. तो दमणीपाशी थांबला, ती एकटी आत आली. रोग्याच्या बाकावर बसली.

"तुमी वाचली ना वही?"

"वाचली."

"मंग तेराव्याले खोटं कायले बोलले?"

मी म्हटलं, चिठ्ठी आली होती हे खरंच आहे. ती मान हलवत राहिली. मग तिनं विचारलं. मला माहीत होतं ती विचारणार. गेले पंधरा दिवस ती हाच एक प्रश्न घेऊन झोपत आणि उठत असणार. "बुधवारी मी त्यायचं ऐकलं नसतं, तुमाले बोलावलं असतं, तं वाचले असते का?"

वाचला असतास. बुधवारी चौथी रेघ होती, मनगटाच्या वर दोन बोटं. दोन दिवसांत तू उठून बसला असतास आणि औषधानं निरीक्षण बिघडवलं म्हणून माझ्याशी भांडला असतास.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "जंतू जहाल होते. मंगळवारीच रक्तात गेले होते. बुधवारी मी येऊनही काही झालं नसतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. विश्वास बसला की नाही, मला माहीत नाही. पण तिनं श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सोडला असावा, असा. मग रडली. मी उठून खिडकी लावली, बाहेरून कोणी पाहू नये म्हणून.

आईला सांगितलं, वाचला असता. बायकोला सांगितलं, वाचला नसता. डॉक्टर म्हणून इतकी वर्षं झाली, रोग्याच्या माणसांशी इतकं धडधडीत खोटं कधी बोललो नव्हतो.

जाताना ती म्हणाली, "ते गेले. त्यायचं काम तरी जाऊ नये. वही संस्थेत पाठवा. पण माहं अक्षर..." आणि थांबली.

मी तिच्यासमोर ती सहा पानं वहीतून कापली आणि तिच्या हातात दिली. काय करायचं ते तुमी करा, म्हटलं. ती म्हणाली, आधी उतरून घ्या. पानं परत टेबलावर ठेवली, दोन दिवसांनी भाऊ येऊन घेऊन जाईल म्हणाली, आणि गेली. मागं वळून पाहिलं नाही.

मंगळवारी आणि बुधवारी मी उतरवत बसलो. रोगी नव्हतेच, सवडच सवड. रेघ चौथी, मनगटाच्या वर दोन बोटे. ताप एकशे दोन. काखेत दुखते. पेशींची नावं मी नीट केली. समासातलं काही घेतलं नाही. बुधवार दुपार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सगळं माझ्या हस्ताक्षरात, त्याच वहीत, कोऱ्या पानांवर. तू म्हणाला होतास, जशीच्या तशी. जशीच्या तशी नाही पाठवली.

त्याचा अर्थ काय होतो, कळतंय का तुला? तुझ्या संस्थेत कोणी ती वही उघडेल, तर त्यांना दिसेल की एक डॉक्टर बुधवारपासून तुझ्या उशाशी बसला होता, दर तीन तासांनी ताप मोजत होता, रेघा आखत होता, आणि औषधाचा एक थेंब न देता लिहीत होता. इथं मी न आलेला डॉक्टर आहे. तिथं मी आलेला आणि बघत बसलेला. दोन्हीकडून मीच, आणि दोन्ही मी आपल्या हातानं लिहून दिलं. पार्सल आज सकाळी पोस्टात दिलं, सहा पानं भाऊ घेऊन गेला. तू आयुष्यभर नोंदीतल्या एका आकड्यासाठी लोकांचे गळे धरलेस. ये, माझा धर.

सगळं उतरवलं, फक्त शेवटी अडलो. शनिवारी सकाळी, मी पोचायच्या आधी, तिनं शेवटची ओळ लिहिली होती. ती काही तू सांगितलेली नव्हती. सांगण्यासारखा तू राहिला नव्हतास. तिनं लिहिलं होतं, 'मला ओळखले नाही.'

मी खूप वेळ ती ओळ पाहत बसलो. मग लिहिलं, 'रोग्यास शुद्ध नाही.'